तेवीस नंबरचं खोकं

बोकीलांच्या मैथिलीची गोष्ट सांगायला बसलो की आमची बायको वासंती आतूनच ओरडते, "अर्धी तिची सांगाल आणि अर्धी तिच्या आईची चहाडी!" खोटं नाही ते. पण आईची चहाडी केल्याशिवाय ही मुलगी समजतच नाही, त्याला मी काय करू?

जयपूरच्या विद्याधर नगरात आमच्या वरच्या मजल्यावर बोकील तीन वर्षं भाड्यानं राहिले. मूळचे कराडचे. मुरलीधर बोकील विमा कंपनीत अधिकारी. कंपनी दर तीन वर्षांनी त्यांना उचलते आणि दुसऱ्या गावी नेऊन ठेवते, आपण फुलदाणी हलवतो तशी. माणूस सज्जन. इतका, की पंख्याचं बटण दाबायच्या आधी बायकोकडे बघतो.

बायको म्हणजे सुधा. हिनं लग्नापासून आठ बदल्या बांधल्या. 'केल्या' नाही म्हणत मी, बांधल्या. सुतळी, चिकटपट्टी, जुन्या चादरी आणि तोंडाचा पट्टा, एवढ्या सामग्रीवर ही बाई अख्खं घर एका दिवसात खोक्यात घालते. तिचे नियम ठरलेले. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि आत काय आहे त्याची यादी एका लांबट वहीत. वही कधी खोक्यात जात नाही, तिच्या पर्समध्ये राहते. दुसरा नियम, पोकळ वस्तू रिकामी जाऊ द्यायची नाही. बादलीत चपला, तांदळाच्या डब्यात लोकर, फिरकीच्या तांब्यात मुरलीधररावांचे मोजे. (तो तांब्या कुणाला पाणी द्यायला पुन्हा वापरतात का, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्यांच्याकडे पाणी मात्र पीत नाही.) आणि तिसरा नियम, स्वयंपाकघराची खोकी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायची, म्हणजे नव्या घरी ती सगळ्यात आधी उतरतात आणि अर्ध्या तासात चहा होतो.

अशा आईची ही एकुलती एक लेक. सोळा वर्षांची, अकरावीतली, बारीक अंगाची. बोलताना शब्द शोधत बोलते, कारण मराठी फक्त घरात आणि बाकी सगळीकडे हिंदी. अकरावीपर्यंत चार शाळा झाल्या. भोपाळला नाटकात घेतलं होतं, प्रयोगाच्या आठवडाभर आधी बदली. रायपूरला चित्रकलेच्या स्पर्धेत दुसरी आली, पण निकाल लागला तेव्हा ही जयपुरात खोकी उघडत होती. ढाल घ्यायला तिच्या वर्गातली दुसरीच मुलगी मंचावर गेली. ढाल शाळेच्या कपाटात राहिली आणि हिला फोटो आला.

तो फोटो तिनं मला एकदा दाखवला होता. मुख्याध्यापिकांचा हात, त्या मुलीचा हात, मध्ये ढाल.

"आजोबा, मतलब... ह्यात माझं फक्त नाव आहे," ती म्हणाली.

मी थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी चष्मा पुसून तो फोटो पुन्हा एकदा बघितला.

तर यंदा शहरातल्या शाळांसाठी एक स्पर्धा निघाली. दोघादोघांची टीम करायची, रोजच्या जगण्यातली एक अडचण शोधायची, तिच्यावर मोबाईलचं ॲप तयार करायचं. घरातल्या कुणाला तरी महिनाभर ते खरोखर वापरायला द्यायचं आणि अंतिम फेरीत तो वापर परीक्षकांना दाखवायचा. मैथिलीच्या जोडीला वर्गातली मधुमती. ही पक्की जयपूरची. ज्या घरात तिचे वडील जन्मले त्याच घरात ती जन्मली, ट्रंक म्हणजे काय ते तिनं फक्त ऐकलेलं. ॲपचं दिसणं, रंग, चित्रं मधुमतीकडे, आणि आतलं कोडिंग मैथिलीकडे.

अडचण कुठली घ्यायची यावर दोघी आठवडाभर भांडल्या. शेवटी एका दुपारी मैथिली घरी आली, तर सुधा माळ्यावरच्या ट्रंकेत डोकं घालून "कुठंय? कुठंय?" करत होती. ॲपचं नावच 'कुठंय' ठेवलं. खोक्याचा नंबर टाकायचा, फोटो काढायचा, आत काय ते तोंडानं सांगायचं. मग कधीही वस्तूचं नाव घेतलं की ते नंबर सांगणार. इंटरनेट लागत नाही, कारण नव्या गावात पहिले आठ दिवस इंटरनेट नसतं, हे या मुलीला अनुभवानं ठाऊक. सगळी माहिती फोनच्याच पोटात. मुरलीधररावांचा एक जुना, कोपऱ्यात काच तडकलेला फोन त्यासाठी दिला होता.

मी पहिला चाचणी घेणारा. मी विचारलं, "माझे दात कुठंयत?"

ॲप म्हणालं, सापडले नाहीत.

"खोटं बोलतंय," वासंती म्हणाली, "वाटीत आहेत."

सुधाला मात्र ते आवडलं नव्हतं. "माझ्या वहीला काय धाड भरलीय? बावीस वर्षं चाललीय," असं म्हणत ती फोनशी अशी बोलायची, जशी नव्या मोलकरणीशी बोलतात. पण बोलायची. लेकीसाठी रोज बोलायची, आणि वर तेच वहीतही लिहायची.

मुलींचं ॲप अंतिम फेरीत गेलं आणि त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. पाटणा. सोमवारी हजर व्हा.

फेरी शनिवारी होती. मैथिलीनं फक्त एवढंच विचारलं, "आई, ह्या वेळी मी शेवटपर्यंत थांबू?"

सुधानं ठरवलं, सामान शनिवारी सकाळी ट्रकनं जाईल, माणसं रविवारी रेल्वेनं. आणि बदलीच आलीय तर मुलींच्या ॲपला याहून चांगली परीक्षा कुठली? एक्केचाळीस खोकी त्यात भरली. परीक्षकांना दाखवायला नुसतं सोनं.

शनिवारी ट्रक आठाला हलला. ड्रायव्हर नीरज, तिशीचा, मिशीवाला, धडधाकट. सुधानं त्याच्याकडून तीन वेळा सामान उतरवून पुन्हा लावून घेतलं होतं. निघताना तो मला हळूच म्हणाला, "बाऊजी, फौज में थीं क्या?"

सव्वानऊला मधुमती स्कूटीवर मैथिलीला न्यायला आली. त्यांची पाळी साडेबाराला होती, टोंक रोडवरच्या एका कॉलेजात. मैथिली बूट घालून, केस बांधून तयार. फोन घ्यायला आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"आई, फोन चार्जिंगला होता. किचनच्या खिडकीत."

शोधायचं तरी कुठं? घरात तीन गाद्या, एक केरसुणी आणि विजेची किटली एवढंच उरलेलं. सुधानं खिडकीकडे पाहिलं. मग तिनं पर्समधून वही काढली आणि पानावरून बोट फिरवलं. बोट एका ओळीवर येऊन थांबलं.

"तेवीस. मोठा कुकर. आत, जुना मोबाईल, चार्जर, देवघरातली घंटा."

"आई! तू माझा फोन कुकरमध्ये घातलास?"

"टॉवेलात गुंडाळून घातलाय गं, नीट."

"पण का?"

सुधा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कुकर रिकामा जात होता."

हसू नका. मलाही आलं होतं, मी दाबलं. हात चालू लागला की ती बघत नाही, जे हलत नाही ते खोक्यात जातं. मुरलीधरराव पहाटेच कार्यालयात निघून गेले होते ते काही उगाच नाही.

मधुमती म्हणाली, "आंटीजी, ऐप तो स्कूल के कम्प्यूटर पर भी है।"

"खाली है," मैथिली म्हणाली. "एक भी डिब्बा नहीं है उसमें।"

म्हणजे महिनाभराचा वापर, एक्केचाळीस खोकी, सगळं त्या एका फोनमध्ये, आणि फोन आग्रा रोडवर. वापराचा पुरावा नसेल तर फेरीतून बाद, हा नियमच होता.

मुलगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती गादीवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. सराव असल्यासारखी, शांतपणे.

"राहू दे आई. आपण तसंही जाणारच आहोत ना उद्या."

सुधानं एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "नाडी बांध. काका, गाडीची किल्ली आणा. मधुमती, तू कॉलेजात जाऊन बस. कुणी नाव पुकारलं तर सांग, येतायत."

माझी गाडी सोळा वर्षांची आहे आणि मी एक्काहत्तर वर्षांचा. दोघांनाही त्या दिवशी कुणी विचारलं नाही. सुधानं गाडीतूनच नीरजला फोन लावला. त्याचा नंबरही वहीत होताच.

"किधर हो भैया?"

"कानोता निकल गए बहनजी, बस्सी से पहले चाय पी रहे हैं।"

"तेईस नंबर का डिब्बा निकालना है।"

"अब नहीं होगा बहनजी। रस्सी, तिरपाल, सब बँध गया। अब तो पटना में ही खुलेगा।"

"ठीक है," सुधा म्हणाली, "मैं आ रही हूँ।"

पलीकडे चहाचा ग्लास खणकन खाली ठेवला गेला. मग बारीक आवाज आला, "आप... खुद?"

"खुद."

कानोता मागे पडलं. मैथिली सारखं घड्याळ बघत होती आणि सुधा सारखी तिच्याकडे. मध्ये एकदा सुधा म्हणाली, "रायपूरच्या वेळीही मीच घाई केली होती. चार दिवस थांबता आलं असतं." लेक खिडकीबाहेर बघत राहिली. मी आरसा नीट केल्यासारखं केलं.

साडेदहाला एका कडुलिंबाखाली ट्रक दिसला. ताडपत्री सोडलेली, दोर गुंडाळून ठेवलेला, आणि नीरज खाली उभा, शेजारी तेवीस नंबरचं खोकं. स्वयंपाकघर शेवटी चढवायच्या नियमामुळे ते अगदी तोंडाशीच होतं.

"हाथ नहीं लगाया बहनजी, बस उतारा है," तो आधीच सांगून मोकळा झाला.

सुधानं चिकटपट्टी फाडली, कुकरचं झाकण काढलं. घंटा वाजली. टॉवेलातून फोन निघाला, जिवंत. मैथिलीनं तो छातीशी धरला आणि गाडीकडे पळाली. मीही वळलो, तर सुधा तिथंच उभी. कुकर पुन्हा रिकामा झाला होता ना! तिनं इकडे तिकडे बघितलं, गाडीच्या मागच्या सीटवर हिवाळ्यापासून पडलेली माझी माकडटोपी उचलली, कुकरमध्ये कोंबली, खोकं बंद केलं आणि वहीत लिहिलं. मी 'अहो' म्हणेपर्यंत नीरज दोर आवळत होता.

कॉलेजात पोचलो तेव्हा बारा वीस. मुलींनी ॲप दाखवलं. परीक्षक बाईंनी चाळणी विचारली, ते म्हणालं एकोणीस. लग्नाचा अल्बम विचारला, ते म्हणालं चार. मग बाईंनी प्रत्येक टीमला विचारला तोच प्रश्न केला, "यात कमी काय आहे?" आधीच्या पोरांनी छाती काढून सांगितलं होतं, काहीच नाही.

मैथिली थोडी थांबली. मग हिंदीत म्हणाली, "कमी ही, की आज फोनच डब्यात गेला आणि ॲपला ते सांगता आलं नाही."

आणि तिनं सगळं सांगितलं. कुकर, लिंबाचं झाड, घंटा. सभागृह हसलं. सुधा तिसऱ्या रांगेत लाल झाली.

"मग सापडला कसा?"

"मम्मीच्या वहीत."

बाईंनी वही बघायला मागितली. सुधा पुढे गेली खरी, पण वही हातात देईना. "मैं पकड़ती हूँ, आप देखिए." परीक्षक बाईंनी निमूट वाकून बघितलं. मैथिली म्हणाली, आता खोकं बंद झालं की त्याची यादी घरातल्या दुसऱ्या फोनवरही जाईल आणि कागदावर छापून खोक्यावरही लागेल, हे आम्ही करणार. मधुमतीनं तिथल्या तिथे त्या कागदाचं चित्र काढून दाखवलं.

निकाल पाचला लागला. तिसरा क्रमांक. पुकारणाऱ्यानं दोघींची नावं घेतली. मधुमती उठली, चार पावलं गेली आणि मागे वळली. मैथिली खुर्चीतच बसलेली. टाळ्या वाजत होत्या आणि ती मागे वळून आईकडे बघत होती, जणू विचारत होती, ट्रक उभा आहे का? निघायचंय का?

"जा ना," सुधा म्हणाली. "मी आहे इथंच."

मग ती गेली. धडपडत, पण गेली. फोटो मी काढला. माझा हात हलला म्हणून तो जरा पुसट आलाय, पण ढालीवरचा हात तिचा आहे, तेवढं दिसतं.

ढाल एक आणि मुली दोन. मधुमती म्हणाली, तू ने, मी इथंच आहे, कधीही येऊन बघेन... मग बघायला पाटण्याला जावं लागेल हे ध्यानात आलं आणि दोघी एकदम रडल्या. रविवारी स्टेशनवर मैथिली ती मांडीवर घेऊन बसली होती. सुधानं दोनदा टॉवेल पुढे केला.

"गुंडाळते गं, काच आहे."

"नाही आई. ही हातातच."

सुधानं टॉवेल घडी करून ठेवला. वही मात्र काढलीच. 'हातात' असं लिहिलं आणि त्यापुढे ढाल.

टोपी तेवीस नंबरमध्ये आहे, हे त्यांच्या वहीत आहे आणि आता ॲपमध्येही आहे. ती परत कधी येणार, हे मात्र दोन्हीपैकी कुणीच सांगत नाही.