खाणकाकांची नदी

आमच्या खाणकाकांइतका कृतज्ञ माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही, आणि जपान म्हणजे जिथे लिफ्टसुद्धा तुमचे आभार मानते. काका मूळचे चंद्रपूरचे. त्सुकुबात आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि एका संशोधन संस्थेत, खाणींतून झिरपणारं पाणी शुद्ध करण्याचं काम करायचे. धातूची कुठलीही वस्तू वापरायची तर आधी तिला नमस्कार, खाणीतून आली म्हणून. जेवायला बसले की सगळ्यांबरोबर 'इतादाकिमास' म्हणून अन्नाचे आभार मानायचे, मग चमच्याचे वेगळे. एकदा स्टेशनवर त्यांनी तिकिटाच्या फाटकाला वाकून नमस्कार केला. पलीकडच्या कर्मचाऱ्याला वाटलं, आपल्यालाच, तोही वाकला. मग हे पुन्हा वाकले, की तो पुन्हा. मागे रांग खोळंबली, पण एकाने तक्रार केली असेल तर शपथ. दोघंतिघं तर स्वतःही वाकले.

आमची लेक इथेच वाढलेली, तिच्या जिभेला ख आणि घ जमायचे नाहीत. ती त्यांना 'काणकाका' म्हणायची. ते एक डोळा मिटून म्हणायचे, "काणा कुठे गं? दोन्ही शाबूत आहेत!" कचऱ्याच्या दिवशी ती नाक धरून 'गाण, गाण' ओरडायची. "घाण म्हण बाई, नाहीतर लोक टाळ्या वाजवतील," काका समजवायचे.

त्यांच्यासमोर खाणींना शिव्या देण्याची सोय नव्हती, आणि आरती ओवाळण्याचीही नाही. "खाणी बंदच करायला हव्यात," असं माझी बायको जेवताना म्हणाली, तेव्हा काकांनी हळूच तिच्यासमोरचा चमचा, वाटी आणि फोन उचलून घेतला. "आता आमटी घ्या, वहिनी." पुढे एकदा माझ्या ऑफिसातले साहेब, खाणींमुळे उत्तरेकडे रस्ते आले, दवाखाने आले, असं रंगून सांगत होते. काका मान डोलावत वर गेले आणि होक्काइदोतल्या एका बंद खाणीखालच्या नदीचं जुनं, तांबूस पाणी बाटलीतून घेऊन आले. "सगळं खरं आहे हो. याचा चहा टाकू?"

त्या नदीत काकांचा जीव अडकला होता. इतक्या वर्षांच्या खटपटीने पाणी निवळलं होतं, पण सॅमन मासे अंडी घालायला परतले नव्हते. आणि काका तर निवृत्त होऊन गावी निघालेले. पानं लाल झाली तेव्हा ते शेवटचे तिकडे गेले, आम्हालाही घेऊन. पुलावर पोचल्यावर लोखंडी कठड्याला नमस्कार करायचंही विसरले, इतके धास्तावले होते. खाली बघवेना म्हणून आभाळाकडे बघत राहिले.

"मासा!" लेक किंचाळली. अंगभर खरचटलेला एक मोठा मासा दगडांमधून वर रेटत होता. त्याच्यामागून आणखी एक. काकांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

लेक कठड्यावरून वाकून बघत होती. "काणकाका, पाण्यात गाण नाही!"

या वेळी त्यांनी तिचा उच्चार सुधारला नाही. "आहे गं बाळ," ते म्हणाले. "ऐक जरा."

आम्ही सगळेच ऐकत उभे राहिलो.

काका आता चंद्रपूरला असतात. सकाळी किटली ठेवताना माझेच हात जोडले जातात. लेकीला हल्ली घ अगदी स्वच्छ म्हणता येतो, आणि त्याचं मला उगीचच वाईट वाटतं.