माइकवाल्याची प्रार्थना

समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींना कळविण्यात येत आहे की, कट्टा गावच्या बाजारात मंडप आणि स्पीकर भाड्याने देणारे, लग्नापासून कबड्डीपर्यंत कुठल्याही प्रसंगी हातातला माइक न सोडणारे, पन्नाशी ओलांडलेले प्रस्तुत गृहस्थ यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात देवाचा शोध घेणार आहेत. तरी कोणीही त्यांना हसू नये. हसायचेच असल्यास त्यांच्या पत्नीच्या मागे रांग लावावी. ती सर्वांत पुढे उभी आहे.

ही घोषणा मी प्रत्यक्षात केली नाही. डोक्यातल्या डोक्यात केली, पण घुमणाऱ्या आवाजात, आधी ‘हॅलो, हॅलो, चेक’ करून. माझी सगळी अडचण इथेच आहे.

आमच्या वाडीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायला मीच पुढे असतो. रस्त्याकडेच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, दिवे लावून सगळे जमतात तेव्हाही विनवण्या माझ्याच. मला आवाज आहे, शब्द आहेत, कुठे थांबायचं ते कळतं. मी ‘हे प्रभो’ म्हटलं की मागच्या रांगेतल्या बायका रुमाल शोधायला लागतात. हे मला आवडत नाही असं सांगितलं तर ते पाप होईल.

आई जायच्या आठवडाभर आधी तिच्या खाटेभोवती आम्ही तेर्स म्हणत होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे मी रंगात आलो होतो. शेवटची विनवणी अशी काही केली की मुंबईहून आलेली मामी हुंदके देऊ लागली. आईनं डोळे उघडले.

“बाबू, तू ह्यां कोणाक आयकवतंस?”

“देवाक,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. मग तिचे ओठ हलायला लागले. काहीतरी पुटपुटली, थांबली, किंचित हसली, पुन्हा पुटपुटली. त्या थांबण्यात तिला कुणाचं तरी उत्तर ऐकू येत होतं. मी खाटेला खेटून बसलो होतो आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

ते थांबणं माझ्या मनातून गेलंच नाही. जन्मभर मी देवाच्या नावानं इतकं बोललो; पलीकडे कुणी आहे, एवढं तरी मला एकदा कळायला हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

म्हणून मी फादरांकडे गेलो. ते तरुण आहेत, मितभाषी आहेत, म्हणजे माझ्या दृष्टीनं दोन्हीकडून वाया गेलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही फार सुंदर प्रार्थना करता,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगतो, काही दिवस करू नका. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर नुसते बसा.”

“आणि म्हणू काय?”

“काही नाही.”

“मनात?”

“तिथेही नाही.”

माइकवाल्याला हा असा सल्ला. कोळ्याला सांगावं, समुद्रावर जा, पण पाण्याला हात लावू नकोस.

बसायला मी आमचं गोदाम निवडलं. पहाटेच्या वेळी तिथे कुणी येत नाही. गुडघे टेकले, डोळे मिटले. जरा वेळानं डास चावला म्हणून डोळे उघडले तर समोर एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या शेकडो खुर्च्या. रिकाम्या का असेनात, खुर्च्या त्या खुर्च्याच. माझा घसा आपोआप साफ झाला. पुढचा अर्धा तास मी मौनाच्या महत्त्वावर मनातल्या मनात एक अप्रतिम भाषण केलं. टाळ्यासुद्धा पडल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलो. तेव्हा शोध लागला की मी गप्प बसलो तरी मी गप्प बसल्याची हकिगत आत कुणीतरी सांगत असतो. ‘पाहा, हा गृहस्थ कसा नम्रपणे बसला आहे.’ त्याला गप्प करायला गेलो की तो त्याचीही हकिगत सांगे.

घरी गेलो की बायको चहा पुढे ठेवताना विचारायची, “गावलो?”

आमच्याकडे सापडणं म्हणजे गावणं. सकाळी रापणीचं जाळं ओढून आलेल्या माणसाला विचारतात, बांगडो गावलो? तशाच सुरात ती देवाची चौकशी करायची.

“नाय,” मी म्हणायचो.

“वारो पडलेलो असतलो,” ती म्हणायची, आणि भाकरी थापायला वळायची.

शोधणाऱ्याला तो भेटतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि माइकवरून इतरांना ऐकवतही आलो आहे. किती दिवसांनी भेटतो, हे कुणी सांगत नाही. उपवासकाळ अर्ध्यावर आला. मांस सोडलं होतं, पत्ते सोडले होते, बोलणं जमेल तेवढं सोडलं होतं. हाताशी आलं काय, तर गुडघेदुखी.

आता खरं सांगायचं तर थोडं काहीतरी होत होतं, पण ते मला हवं होतं ते नव्हतं. एका लग्नात ऐन वेळी स्पीकर बंद पडला. एरवी मी माझ्या माणसांचा मांडवभर उद्धार केला असता. त्या दिवशी शिव्या तोंडाशी आल्या आणि तिथेच बसून राहिल्या. मी वाकून वायर तपासायला लागलो. वाडीत एक म्हातारा गेला. त्याच्या घरी सांत्वनाचं भाषण करण्याऐवजी मी त्याच्या बायकोशेजारी नुसता बसलो. तिनं माझा हात धरला आणि नवऱ्याच्या गळ टाकायच्या वेडाबद्दल पुष्कळ सांगितलं, मध्येमध्ये हसलीसुद्धा. एके संध्याकाळी बायकोनं तिच्या बहिणीचं लांबलचक गाऱ्हाणं सांगितलं. ते संपल्यावर ती माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

“तुमका बरा नाय काय?”

“का गो?”

“सगळा आयकलास म्हणान इचारतंय.”

हे मी फादरांना सांगितलं, तक्रार म्हणूनच सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, हीच त्याच्या सहवासाची फळं. मला राग आला. सुरमई आणायला गेलेल्या माणसाच्या हातावर मूठभर सोलं ठेवून त्याला घरी पाठवावं, तसं वाटलं. सोलं चांगलीच असतात, कढी उत्तम होते. पण मी सुरमईसाठी गेलो होतो. फळं नकोत फादर, मला तो हवाय, असं मी म्हणालो. बोलताना आवाज फाटला आणि पहिल्यांदाच त्याचा परिणाम काय झाला ते बघायचं मला सुचलं नाही.

पवित्र आठवड्यातली गोष्ट. चर्चमधला माइक तपासून दुपारी घरी आलो. जेवण नको म्हटलं आणि गोदामात न जाता घरामागे गेलो, आमच्या जागेच्या कडेला, जिथे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे आणि त्यावर पलीकडच्या काजूंच्या फांद्या ओणवलेल्या आहेत. त्या बागेचा मालक माझा शाळासोबती. काजूचे दिवस, तो तिथे वाकून पाल्यातल्या बिया वेचत होता. गडग्याच्या आड असल्यामुळे मला तो दिसला नाही.

मी दगडावर बसलो. मांडायला शब्द नव्हते, आतला तो हकिगत सांगणाराही कंटाळून कुठेतरी गेला होता. नुसतं ऊन होतं आणि सडलेल्या बोंडांचा आंबूस वास. खूप वेळ गेला. मग पोटातून संताप वर आला, लहान मुलाला येतो तसा, आणि माझ्या तोंडून ‘हे प्रभो’ निघालंच नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की बेल वाजवत नाहीत. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून हाक मारतात आणि आतून ‘आसंय’, म्हणजे ‘आहे’, असं आलं की पायरी चढतात. तीच हाक माझ्या तोंडून गेली, घोगरी, बेसूर, जीव खाऊन.

“आसंस काय रे?”

आणि गडग्यापलीकडून, पाल्यात खसफस होऊन, चिडक्या आवाजात लगेच उत्तर आलं.

“हयसरच आसंय मरे. बोंबलतंस कित्याक?”