साहेब, मी आणि पोलादपूर बंद

आयुष्यात माझं एकाच माणसाशी वैर होतं, आणि त्या माणसाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मला कावीळ झाली त्याच आठवड्यात तिकडे मुंबईत साहेब अत्यवस्थ झाले. साहेब म्हणजे आमच्या आबांचे पुढारी. मी म्हणजे आबांचा मुलगा, आमच्या कापडे गावातल्या घरातला पहिला बी.ए. (दुसरा अजून व्हायचाय!) आडवे दोघेही, पण साहेबांसाठी देवळात भजन बसलं आणि माझ्यासाठी फक्त उसाचा रस आला.

टीव्ही माझ्या पहिल्या पगारातला, माझ्याच खाटेसमोर. बातम्यांना सगळी आळी माझ्या उशाशी!

"पाय आखड रे जरा, दिसत नाय," शेजारचे गणूकाका म्हणाले.

मी पाय आखडले. दुसऱ्या दिवशी माझी खाटच पडवीत गेली.

तेही सोसलं असतं. पण माझ्यासाठी देवीला बोललेला कोंबडा आबांनी परस्पर साहेबांच्या नावावर केला!

"आबा, तो माझा कोंबडा होता!"

"तुला काय झालाय? नुसतं डोळं पिवळं! सायबांना नळ्या लावल्यात, नळ्या!"

मला त्या नळ्यांचा हेवा वाटला. पदवीधर माणसाला, नळ्यांचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन बातम्यांच्या वेळी मी पडवीत जोरात कण्हलो, डोळे फिरवले आणि मान टाकली. (कॉलेजच्या नाटकात मला उत्तेजनार्थ बक्षीस होतं.)

"गो, पोराचा काय झाला बघ गो!" आबा आईला ओरडले. आणि टीव्ही बंद झाला. खरंच बंद झाला!

गणूकाकांच्या जीपवर पक्षाचा झेंडा होता. तीच जीप निघाली महाडच्या डॉक्टरांकडे. मी मागे, घोंगडीखाली. पुढे आबा ढसाढसा रडत होते. मी एक डोळा किलकिला करून खात्री करून घेतली. हे रडणं माझं होतं, निव्वळ माझं! इतकं बरं मला त्या आठवड्यात वाटलं नव्हतं.

पण पोलादपूरच्या नाक्याला दिसलं ते एवढंच: झेंड्याची जीप, आणि आत रडणारा जुना कार्यकर्ता.

"गेले रे साहेब!" कुणीतरी ओरडलं.

धाड, धाड, धाड! शटरं खाली. पानवाला, शिंपी, हॉटेल, औषधाचं दुकानसुद्धा! जीपला गर्दीचा वेढा पडला. आबांना बोलवेना, त्यांनी नुसता हात हलवला. तेवढ्यावर नाक्याने शोकसभा सुरू केली.

माझ्या वाट्याचं रडणंही साहेबांनाच गेलं! मला राहवेना. घोंगडी फेकून मी जीपमध्ये उभा राहिलो.

"अहो, साहेब जिवंत आहेत! आजारी मी आहे, मी!"

मग एका म्हाताऱ्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो? ह्यो तर चांगला ठणठणीत हाय!"

आबांनी डोळे पुसले. "गणू," ते म्हणाले, "गाडी घराकडं वळव. बातम्या गावतील अजून."

साहेब पंधरा दिवसांत बरे झाले. नवसाचा कोंबडा सगळ्या आळीने खाल्ला. मला पथ्य होतं!

आता कुणी आजारपणाच्या गोष्टी काढल्या की मीही सांगतो, "माझ्या काविळीत पोलादपूर अर्धा तास कडकडीत बंद होतं." कुणासाठी, ते मी सांगत नाही.