खडकासाठी सोडलेली हवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वळणावर जीप उलटली, ती सुमनच्या चुकीनं नव्हे. आदल्या दिवशी खडक चढताना पकड मिळावी म्हणून मी टायरांतली हवा निम्मी सोडली आणि परत भरायला विसरलो. सकाळी तीच जीप घेऊन माझी बायको सुमन कामावर निघाली.

आज नवे टायर बघताना दुकानदारानं विचारलं, "दगडांसाठी की रोजच्यासाठी?"

"दोन्हींसाठी."

"साहेब, तसला टायर अजून जन्मायचाय!"

टायरच्या खोल खाचेत माझं बोट बुडालं. दगड धरायला एवढी सोय, आणि घरी एक वाक्य जिभेवर ठरत नाही. मी दुकानाकडे निघताना सुमन म्हणाली होती, "काहीही आणा. माझ्या हातांवर माझाच भरवसा नाही आता."

ते हात निर्दोष होते, हे तिला सांगण्याचं देणं मी अजून लागतो.