माझ्या वाटची भाकर

अंगावर भिक्खूचं पिवळं चीवर, गळ्यात डॉक्टरची नळी आणि काखेत भिक्षापात्र, असा तो रोज आमच्या इतवारीतल्या गल्लीत यायचा. ब्रह्मदेशाकडचा होता म्हणे, पण बोली आमचीच उचललेली. आधी रोगी तपासायचा, मग दारात गप उभा राहायचा. तोंडानं भिक्षा मागायची नाही आणि दुपारी बाराचा भोंगा झाला की खायचं नाही, हा त्याचा नेम. सुई टोचताना मात्र रोग्याआधी स्वतःच "हाय" करायचा!

त्या वर्षी हिवतापानं मला पार वाळवलं होतं. "माई, जेवता ना बराबर?" तो विचारायचा. मी हो म्हणायचे.

एकदा त्याला यायला बारा वाजत आले. घरातले सगळे जेवून गेले होते. दारातून भिक्खू उपाशी कसा पाठवायचा? टोपलीत उरलेली एकच भाकर मी त्याच्या पात्रात घातली.

त्यानं भाकरीकडे पाहिलं, मग विझलेल्या चुलीकडे. ओसरीवर बसून त्यानं पात्र माझ्यापुढे सरकवलं.

"खा."

"अवो बाबा, तुमाले देल्ली ना मी!"

"भिक्खूले देल्ली. आता डाक्टर देऊन राहिला."

मी खाऊ लागले. अर्धी भाकर व्हायच्या आत भोंगा वाजला. तो हलला नाही. माझं संपल्यावर त्यानं पात्र धुतलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि उठला.

"उद्यापासून आधी तुमी जेवजा, माई. उरलं तर मी खाईन."

तोवर मला असं कोणीच म्हटलं नव्हतं.