खिडकीजवळची खाट

अकोल्याच्या त्या मैदानाच्या गोष्टी मी घरात पुष्कळ सांगितल्या आहेत. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, ज्यात धडधाकट माणूस घडीत ठेंगू आणि घडीत लंबू दिसायचा तो आरशांचा तंबू. तिकिटाच्या खिडकीत बसून मी एक अख्खा हिवाळा काय काय पाहिलं हे ऐकताना मुलं हसून लोळायची, आणि मीही तिखटमीठ लावून सांगायचो. मात्र "पण तुम्ही राहायचात कुठे?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. एकदा बायकोनं विचारलं तर तिच्यावर उगाच खेकसलो. माझं डोकं लवकर फिरतं हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ते खपून गेलं.

आज तेच सांगायचं आहे.

मी मॅट्रिकला एकदा नापास झालो होतो. वडील अमरावतीत भिक्षुकी करत. सत्यनारायण, श्राद्धपक्ष, लग्नमुंजी, आणि चार-पाच वकिलांची बांधलेली घरं. मी त्यांच्या हाताखाली बसावं असं सगळ्यांना वाटे आणि मला त्या पळीपंचपात्राचा मनापासून कंटाळा होता. माझा मित्रही माझ्याबरोबरच आपटलेला. तो शेतकऱ्याचा मुलगा, कुणबी. तिवशाच्या वाटेवर त्यांची काळी जमीन आणि तिथंच घर. त्याच्या मामाच्या बैलगाड्या अकोल्याच्या जिनांना, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांना, कापूस वाहायच्या. त्यातलं एक जिन त्या वर्षी बंद पडलं, आणि त्याचं आवार उत्तरेकडच्या एका पाळणेवाल्या कंपनीनं हिवाळ्यापुरतं घेतलं. लोक त्याला 'पाळण्यायचं मैदान' म्हणत. तिकिटं फाडायला शिकलेली पोरं पाहिजेत, असं मामाला कळलं. मामानं भाच्याचं नाव सांगितलं. भाचा म्हणाला, माझा दोस्त येत असेल तर येतो, नाही तर नाही. माझी पहिली नोकरी ही अशी लागली.

वडिलांनी परवानगी देताना एकच गोष्ट सांगितली, तीही मला नाही, त्याला. "एकाच खोलीत राहा रे दोघं. हा कधी एकटा राहिलेला नाही."

"हाव महाराज," तो म्हणाला.

इथे एक सांगायला हवं. दोन वर्षं मी शाळा सुटली की त्याच्यासोबत शेतावर जात असे आणि त्याच्या आईच्या हातची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा पोटभर खात असे. तिला मीही मायच म्हणायचो. भिक्षुकाच्या मुलानं कुणब्याच्या घरचं शिजलेलं अन्न खाणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. घरी आलो की आधी विहिरीवर चुळा भरायचो, हात हुंगून पाहायचो आणि मग आत जाऊन भूक नाही म्हणायचो. वडिलांना याचा पत्ता नाही अशी माझी खात्री होती.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो. मैदानाचा मॅनेजर हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आम्हाला जागा दाखवत फिरला. आधी दाखवली ती कापसाच्या गाठी ठेवायची टिनाची लांब शेड. मधे गोणपाटं टांगून तिच्या खोल्या केल्या होत्या. पाळणे फिरवणारे आणि मिस्त्री तिथं राहत. शेजारीच दिव्यांना वीज पुरवणारं तेलाचं इंजिन, त्यामुळे सगळीकडे धुराचा आणि जुन्या सरकीचा वास. मग आवाराच्या दुसऱ्या टोकाला त्यानं एक दार उघडलं. जिनाच्या जुन्या कारकुनाची पक्की खोली, वर कवेलूंचं छप्पर, आत फरशी, कोपऱ्यात न्हाणी, आणि कडुनिंबाकडे उघडणारी खिडकी.

"बाबू, यही आखरी पक्का कमरा है," मॅनेजर म्हणाला. "दो खाट, दो आदमी. पसंद है तो ताला ले लो."

पसंत नसायला काय झालं! आम्ही दोघं हसलो. मित्रानं ताबडतोब आपला लोटा कोनाड्यात ठेवला, कुठूनसा खराटा आणून खोली झाडली, आणि स्वतःची वळकटी बाजूला टाकून आधी माझं अंथरूण सोडलं. खिडकीजवळच्या खाटेवर ते पसरून म्हणाला, "तू इथं झोप. कोंदट जागी तुले घाबरल्यावानी होते. मले काय, कुठंबी झोप लागते."

तेवढ्यात दारात कातडी ट्रंक घेतलेला हमाल आला आणि त्याच्यामागून अमरावतीच्या एका वकिलांचा मुलगा. माझे वडील ज्या घरी पूजा सांगायचे त्यातलंच ते घर. तो आमच्यावरचा देखरेखीचा कारकून म्हणून आला होता, आणि पक्की जागा शोधत तोही याच खोलीशी पोहोचला होता.

"अहो, तुम्ही आमच्या गुरुजींचे चिरंजीव ना?" तो म्हणाला. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी अहो म्हटलं होतं. त्यानं खोलीभर नजर फिरवली, दोन खाटा पाहिल्या, माझ्या मित्राकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "दोघं एकत्रच का? जेवणही एकत्रच?"

हे आता वकिलांच्या ओसरीवर जाणार, गुरुजींचा मुलगा कुणाबरोबर जेवतो याची चर्चा होणार, असं क्षणात मनात येऊन गेलं. पुढे कैक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मला वडिलांच्या भिक्षुकीची काळजी होती. ते खोटं आहे. मला त्या अहोच्या बरोबरीला बसायचं होतं.

"छे छे," मी म्हणालो, "हा नुसता सोबत आला. मला सोवळं आहे. बाबांनी निघताना शपथच घातली आहे. आमच्या पंक्तीतलं नसलेलं माणूस खोलीत चालायचं नाही."

इतकं कुणी विचारलंही नव्हतं.

मित्र माझी उशी हातात धरून उभा होता. त्यानं ती खाटेवर नीट ठेवली. मग वकिलांच्या मुलाकडे वळून तोच म्हणाला, "हाव, महाराजायचं लय कडक असते." माझ्या खोट्याला त्यानं साक्ष दिली. वळकटी उचलून तो गेला आणि थोड्या वेळानं परत आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. खोली घटकाभरापूर्वी त्यानंच झाडली होती.

"माहा लोटा देतं का?"

मी कोनाड्यातला लोटा काढला. वकिलांचा मुलगा पाहत होता. मी तो मित्राच्या हातात दिला नाही. खाली उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरलो. त्यानं वाकून उचलला.

मग ते सोवळं मला पाळावं लागलं. पौषातल्या थंडीत पहाटे गार पाण्यानं आंघोळ, अंगावर ओलं धोतर, शेणाच्या गोवऱ्या पेटेपर्यंत फुंकून फुंकून लाल झालेले डोळे, आणि कच्चाच राहणारा भात. घरी असताना मी कधी धड संध्याही केली नव्हती. वकिलांचा मुलगा रजईत बसून विड्या ओढत माझी गंमत पाहायचा. तो स्वतः बाजारातली कांदाभजी आणायचा, उकडलेली अंडीसुद्धा खायचा. एक दिवस म्हणाला, "तुम्ही पहिल्या दिवशी एवढे का दचकलात हो? मी आपलं खानावळवाल्याला किती ताटं सांगायची म्हणून विचारलं. मला काय, कुणीही चाललं असतं. मी कोनाड्याखालीसुद्धा तिसरी खाट टाकली असती."

त्याच पावली टिनाच्या शेडमध्ये जावं, मित्राची वळकटी उचलून आणावी, एवढंच करायचं होतं. दोनशे पावलं अंतर होतं. मी गेलो नाही, कारण गेलो असतो तर शपथ खोटी होती हे त्याला सांगावं लागलं असतं.

तो मात्र पूर्वीसारखाच वागत होता. कामावर येताना माझ्या तिकिटाच्या खिडकीशी थांबून "काय करून राहिला बे? जेवला का?" म्हणायचा. इंजिनाच्या धुरानं त्याला खोकला लागला होता, पण टिनाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. एकदा घरून आलेल्या भुईमुगाच्या शेंगा ओंजळभर घेऊन आला आणि खिडकीच्या फळीवर ठेवून म्हणाला, "कच्च्या हायेत. शिजवेल नाईत, भाजेल नाईत. तुया सोवळ्याले चालतेत. मी इचारून आलो." कुणाला विचारलंस म्हटलं तर म्हणाला, देवळातल्या पुजाऱ्याला. माझ्या थापेसाठी तो पुजाऱ्यापर्यंत जाऊन आला होता. त्या शेंगा मी खाल्ल्या.

माघात एका सकाळी, मैदान उघडायच्या आत, वडील आले. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. खोलीत शिरले, दुसऱ्या खाटेवर झोपलेल्या वकिलांच्या मुलाकडे पाहून चकित झाले आणि हळूच म्हणाले, "आपला गडी कुठे आहे?"

"त्याला तिकडे आवडतं," मी पुटपुटलो.

वडील थेट टिनाकडे निघाले. मला मागोमाग जावंच लागलं. मित्र गोणपाटाआड अंथरुणाची घडी करत होता. वडिलांना पाहून त्याचा चेहरा फुलला. वाकून नमस्कार केला आणि उठताना खोकल्याची उबळ आली.

"तू इथे कसा रे? मी काय सांगितलं होतं?"

"मले इथंच बरं वाटते महाराज. इंजिनाची ऊब रायते."

वडिलांनी गाठोडं त्याच्या पुढे केलं. "तुझी माय स्टेशनावर घेऊन आली होती. भाकऱ्या आहेत. दोघांनी मिळून खा म्हणाली."

तो संकोचला. "मी खाईन महाराज. पण त्याले कशा चालतीन? तुमीच तं शपथ घातली ना." आणि मग, माझं कौतुक बापापुढे करावं म्हणून, तो उत्साहानं सांगू लागला, "पण त्यानं मोडली नाई बरं. लय कडक पाळून राहिला. एवढ्या थंडीत वलं धोतर नेसून बसते. मले तं त्याची कीव येते."

"कसली शपथ?" वडील म्हणाले.

इंजिन बंद होतं. लांब कुठेतरी कुणीतरी पाळण्याच्या साखळीवर हातोडा मारत होतं, तेवढाच आवाज. वडील माझ्याकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "मी कुणाकडे जेवत नाही, ते माझं. तू दोन वर्षं यांच्या शेतावर जेवून यायचास आणि विहिरीवर चुळा भरायचास. मी ओटीवरून रोज बघत होतो. कधी हटकलं तुला?"

मी मान खाली घातली. तरीही मित्र माझ्याकडे पाहतो आहे हे मला कळत होतं. त्या क्षणापर्यंत त्याचा माझ्यावर विश्वास होता; एकत्र राहा म्हणणाऱ्या महाराजांनीच निघताना घरात मन बदललं, असं तो धरून चालला होता. टिनातल्या त्या सगळ्या रात्री त्यानं माझ्या वडिलांच्या नावावर मांडल्या होत्या. माझ्या नावावर त्यातली एकही नव्हती. आता त्या सगळ्या त्याला माझ्याकडे वळवाव्या लागल्या, आणि ते करताना त्याला किती कष्ट पडले ते मी वर पाहिलं तेव्हा मला दिसलं.

त्यानं गाठोडं सोडलं, भाकऱ्यांचे दोन वाटे केले, एक वाटा फडक्यावर ठेवला आणि ते फडकं माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही.

"घ्या," तो म्हणाला. "ह्या तुमच्या."

त्या दिवशी दुपारी मी त्याला खोलीत चल म्हणून विनवलं. रडलोही. तो रागावला नाही. "नोको. आता थोडेच दिस रायले. तुमी राहा तिथं." मी भाकऱ्या खाल्ल्या का, असं मात्र त्यानं पुढे कधी विचारलं नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं असं नाही. अमरावतीला गाठ पडे, ख्यालीखुशाली होई. पण त्याच्या तोंडचं ते 'तुमी' काही सुटलं नाही. पुष्कळ वर्षांनी त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मला बोलावणं आलं आणि मी एकटाच गेलो. माझी पिशवी त्यानं स्वतः उचलली. मांडवात पानं मांडली होती. गावातली शेतकरी माणसं, शाळेचे मास्तर, अमरावतीहून आलेले दोन वकीलसुद्धा, सगळे एका रांगेत बसत होते. मी चपला काढू लागलो, तर तो म्हणाला, "इकडं नाई. इकडून या."

घराच्या मागच्या बाजूला एक नवी पक्की खोली होती. सारवलेली, झाडलेली. नवा तांब्या, नवा पाट, आणि तिवशाहून मुद्दाम आणलेला ब्राह्मण स्वयंपाकी. खिडकीजवळ एक खाट टाकून तिच्यावर स्वच्छ चादर घातली होती.

"तुमची सोय इथं केली," तो म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता.

"अरे, मी पंगतीतच बसतो. सगळ्यांबरोबर."

"नोको," तो शांतपणे म्हणाला. "मी साऱ्यायले सांगून ठेवलं हाये, तुमचं कडक असते म्हणून. आता मी त्यायले काय सांगू?"

तो पंगतीकडे गेला. बाहेर वाढप्यांची हाकाहाक सुरू झाली, कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी आत पाटावर बसून एकटा जेवलो, आणि स्वयंपाक्यानं मला दोनदा विचारलं, भाजी तिखट झाली का.