सायत्राकाकूचा हात

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. चाळीस वर्षं झाली — जेवलो, झोपलो, रिटायर झालो, आणि ही गोष्ट आपली पोटातच. आता सांगतो. आताच का? ते नका विचारू, मला नीट सांगता यायचं नाही.

मी उंदरांवर काम करायचो. हसा, सगळेच हसतात. सोयरे मला 'उंदीरवाले साहेब' म्हणत. भंडारा जिल्ह्यातल्या धानाचं उंदीर किती नुकसान करतात, कोणत्या जातीचे असतात, कोणत्या औषधानं मरतात — हे शोधायचं काम आमच्या संशोधन केंद्राकडे होतं. ऐंशीच्या आगेमागे असेल. मी तिथला सहायक. संध्याकाळी धुऱ्यावरची — म्हणजे शेताच्या बांधावरची — सगळी बिळं चिखलानं बुजवायची. सकाळी जेवढी उकरलेली दिसतील, तेवढ्यांत उंदीर जिवंत आहेत असं धरायचं. घूस वेगळी मोजायची, मऊ केसांचा शेतउंदीर वेगळा. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

आंधळगावच्या पलीकडचं एक गाव. नाव नाही सांगत. तिथल्या तळ्याखालच्या पाच बांध्या — आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात — आम्ही प्रयोगाला घेतल्या. चारांत औषध टाकायचं, पाचवीत नाही. नाही तर औषधानं फरक पडला हे कळणार कसं? सर म्हणाले, पाचव्या मालकाला सगळं समजावून सांग, त्याची मर्जी घे, मगच. सर सरळ माणूस होते. यात त्यांचा काही दोष नाही.

मी दोघांना विचारलं. पहिल्यानं नाही म्हणून मान हलवली. दुसरा तर भडकलाच. "काहून? दुसऱ्याच्या बांधीतले उंदीर मराचे, अन् आमच्या बांधीतले पोसाचे का?" त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण मला तिसऱ्या दारी जाऊन बोलणी खायची नव्हती. त्या दोघांना सांगून टाकलं — राहू द्या, आता पाचही बांध्यांत औषध टाकू. मग मी काय केलं — थांबा, आधी सायत्राकाकूचं सांगतो.

सायत्राकाकू पन्नाशीची. नवरा दम्यानं खाटेवर, म्हणून तळ्याला लागून असलेली एकुलती एक बांधी तीच बघायची. पण गावात तिचा मान मोठा होता. रोवणी सुरू करताना धानाचं पहिलं रोप तिच्या हातानं लावून घेत. स्वतःच्याच नाही, दुसऱ्यांच्या बांध्यांतही. तिच्या हाताला गुण आहे, म्हणत. ती चिखलात उतरायची, वाकून रोप लावायची आणि मोकळं हसायची. मग बाकीच्या बाया गाणं धरायच्या.

तर — मी तिची मर्जी विचारलीच नाही. कनकीत, म्हणजे तांदळाच्या कणीत, नुसतं तेल कालवलं, आणि औषधासारखा काळसर रंग यावा म्हणून कोळशाची पूड मिसळली. ती पिशवी तिच्या हातात दिली. बाकीच्यांना दिली तशीच ताकीदही दिली — जपून, जहर आहे. सरांना सांगितलं, बाईंची मर्जी घेतली.

आणि तिनं किती जपलं म्हणता! कागदाच्या पुड्या बांधल्या, एकेक पुडी बिळात सारली, राखेनं तीन-तीनदा हात धुतले. आठ दिवस कोंबड्या डालग्याखाली, शेळी खुंट्याला. कशापायी? कोळशापायी. मी धुऱ्यावर उभा राहून ते सगळं बघत होतो, आणि वहीत लिहीत होतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. चार बांध्या वाचल्या. हिच्या बांधीत लोंब्या भरायच्या वेळेला धान बुडातून कातरून पडायला लागलं — रोज सकाळी आणखी थोडं. माझ्या तक्त्यात फरक इतका स्वच्छ आला की सरांनी पाठ थोपटली.

एवढंच असतं तरी ते वाईटच होतं. पण एवढंच नाही ना!

कापणीच्या आधी चावडीपुढे पाचही मालक जमले होते, गावातली आणखीही माणसं होती. सगळ्यांसमोर काकूनं मला विचारलं, "बाबू, दवाई त सगळ्यायले एकच होती. मंग माह्या हातानं का चुकलं गा?"

बघा, तिनं स्वतः होऊन विचारलं. मी तोंड उघडायचा अवकाश होता. आणि मी उघडलंही — काय म्हणालो? म्हणालो, "काकू, हात ओला असन तुमचा. ओल्या हातानं दवाई मरते."

हेच ते. हेच मी आजवर गिळून बसलोय. अरे, गप्प तरी बसायचं होतं! माझं बिंग फुटू नये म्हणून मी तिच्या हाताला बोल लावला, आणि तोही शास्त्रातल्या माणसाच्या तोऱ्यात.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. गावाला तेवढं पुरे झालं. ओला हात बघता बघता वाईट हात झाला. पुढच्या रोवणीला पहिलं रोप लावायला दुसऱ्या बाईला बोलावलं. काकू धुतलेलं लुगडं नेसून धुऱ्यापर्यंत आली होती — तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी टाकून बोललं नाही. सगळ्यांनी नुसत्या माना खाली घातल्या. ती परत फिरली. मी तिथंच होतो, बिळं मोजत.

चार-पाच वर्षांनी त्या गावावरून जाताना थांबलो. काकूनं ओळखलं, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. अंगणात सुपात तांदूळ होते. कोंबड्या टोचायला आल्या, तशी काकू काठीनं त्यांना हाकलत राहिली, पण सूप काही उचलीना. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"मी धानाले हात नाई लावत आता," ती म्हणाली. रागानं नाही, सवयीनं. "बिगडते."

सून आत होती. नवरा केव्हाच गेलेला. अंगणात आम्ही दोघंच. माझी नोकरी पक्की झाली होती, सरांची बदली झाली होती. कुणाची भीती होती मला? कुणाचीच नाही. मी चहा फुंकून फुंकून सगळा प्यालो, कप खाली ठेवला, "येतो काकू" म्हणालो आणि निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आपला हात वाईट आहे, हे खरं समजूनच गेली.